वीस ते पन्नास केबीचा माणूस

प्रतिमेची फाईल एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेण्याच्या क्रियेला ‘प्रतिमा-रूपांतरण’ असा भारदस्त शब्द आहे, पण तो उच्चारून कोणत्याही दुकानात काम होत नाही. व्यवहारात या क्रियेला ‘फोटो बसवणे’ म्हणतात. पूर्वी फोटो भिंतीवरच्या चौकटीत, पाकिटात किंवा देवघरात बसवला जाई. आता तो ऑनलाइन फॉर्ममध्ये बसवावा लागतो. भिंतीवरची चौकट फोटोला सांभाळून घेते. कमी पडला तर कडेने पुठ्ठा सरकवता येतो, जास्त झाला तर कात्री असते. फॉर्मची चौकट असले काही ऐकून घेत नाही. ती लाल अक्षरांत ‘इनव्हॅलिड फाईल’ एवढेच बोलते आणि गप्प बसते.

या क्रियेचा अभ्यास करायला नाणे मावळातले वडिवळे सोयीचे आहे. गाव पंचक्रोशीच्या बाहेर ओळखले जाते ते धरणामुळे. धरण किती टक्के भरले हे पावसाळ्यात पेपरात छापून येते. आपला फोटो किती केबीचा आहे, हे मात्र फॉर्म भरायला बसेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते, आणि फॉर्म भरायला माणूस शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळीच बसतो. मोबाईलवर फोटो बसत नाही हे चार वेळा सिद्ध झाल्यावर पाचव्या वेळेला कामशेत गाठले जाते. कामशेतला रेल्वे स्टेशन आहे, बाजार आहे आणि अशा गावी असतेच तसे एक दुकान आहे. त्याच्या पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, सातबारा आणि ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ एवढे लिहिलेले असते. फोटो बसवण्याचा उल्लेख पाटीवर नसतो. लग्नाच्या पत्रिकेवर ‘जेवण आहे’ असे कोणी छापत नाही, तसेच हे.

फॉर्मची मागणी काय असते, हे एका नमुन्यावरून समजेल. बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएसची जी परीक्षा होते, तिच्या अर्जाला फोटो लागतो २०० गुणिले २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा. सही लागते १४० गुणिले ६० पिक्सेलची, १० ते २० केबीची. त्याशिवाय स्वतःच्या हाताने, इंग्रजीत लिहिलेले निवेदन ५० ते १०० केबीचे आणि डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबीचा. अंगठ्याची बाब विशेष आहे. ‘निशाणी डावा अंगठा’ असे सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर लिहिले जायचे, ते पुसायचे म्हणून आजोबांनी मुलाला शाळेत घातले, मुलाने नातीला कॉलेजात घातले. आणि नात पदवीधर होऊन बँकेत नोकरी मागायला निघाली तेव्हा पहिल्यांदा अंगठाच मागितला गेला. शाईचे पॅड त्याच दुकानात मिळते.

आता हिशेब. बऱ्याच फोनवर साधा फोटो सुमारे १२ मेगापिक्सेलचा निघतो, म्हणजे त्यात १ कोटी २० लाख ठिपके असतात. फॉर्मला हवे आहेत ४६ हजार. म्हणजे दर दोनशे साठ ठिपक्यांमागे एक ठेवायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे. कपाळावरचा आठवीतल्या क्रिकेटचा व्रण, कानातली बाळी, शर्टाच्या दुसऱ्या बटणाचा वेगळा रंग हे सगळे याच टप्प्यावर गळते. उरतो तो ओळखीचा पण थोडा सरकारी चेहरा.

सहीची अडचण बरोबर उलट आहे, आणि ती पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. १४० गुणिले ६० म्हणजे एकूण ८,४०० ठिपके, त्यात पांढऱ्या कागदावर काळ्या शाईची एक वेडीवाकडी रेघ. अशा चित्राची जेपीजी करायला घेतली की ती साधारण दोन-चार केबीतच आटोपते. फॉर्मला किमान १० हव्यात. म्हणून ज्या दुकानात सकाळपासून फोटोंचे वजन उतरवणे चालू असते, तिथेच त्याच माऊसने सहीचे वजन वाढवले जाते. क्वालिटी शंभर टक्क्यांवर नेली जाते, तरीही भागले नाही तर कागदाचा फोटो जरा अंधारात पुन्हा काढला जातो, कारण कागदावरचा करडा रवाळपणा केबी खातो. स्वच्छ सहीपेक्षा मळकी सही जड भरते. गिऱ्हाईक विचारते, ‘भाऊ, सही बारीक झाली म्हणजे काय? मोठी करून देऊ का?’ त्यावर ‘मोठी नको, जड पाहिजे,’ असे उत्तर मिळते, आणि ते तंतोतंत बरोबर असते.

स्वरूपे अनेक आहेत. त्यांतली कामशेतपर्यंत पोचणारी मोजकी. जीआयएफ ही १९८७ सालची, कॉम्प्यूसर्व्ह या अमेरिकन कंपनीने काढलेली. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा इंद्रायणी तांदूळही त्याच सालचा. इंद्रायणी घराघरात शिजतो. जीआयएफमध्ये फक्त २५६ रंग मावतात आणि तिचा उपयोग मुख्यतः सकाळी सहाला लुकलुकणारी समई पाठवून ‘शुभ प्रभात’ म्हणण्यापुरता उरला आहे. जीआयएफच्या आतल्या दाबण्याच्या पद्धतीवर पेटंट होते. त्याचे पैसे मागितले जाऊ लागले तेव्हा चिडलेल्या मंडळींनी १९९५-९६ मध्ये पीएनजी तयार केली. वेबपी गूगलने २०१० मध्ये आणली. ती इंटरनेटवरून उतरवलेल्या चित्रांत आपोआप निघते, आणि ‘ही कुठून आली’ याचे उत्तर घरातल्या कोणाकडेच नसते.

हीक हे पाहुणे स्वरूप आहे. २०१७ मध्ये आयफोनने ते सुरू केले. त्यात तोच फोटो जवळपास निम्म्या जागेत राहतो, हा त्याचा गुण. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बहुधा उघडत नाही, हा अवगुण. गणपतीला हिंजवडीहून भाचा येतो, धरणाच्या भिंतीवर मामीचा फोटो काढतो, आणि तोच फोटो पुढे रेशनकार्डासाठी वापरायचे ठरते. फोटो दुकानात येतो आणि पडद्यावर नुसता कोरा चौकोन दिसतो. मामी दिसत नाही. भाच्याच्या फोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन, कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’ असे आधीच दाबले असते तर पुढले सगळे टळले असते. पण भाचा तोवर हिंजवडीला गेलेला असतो.

जेपीजी आणि जेपीईजी यांच्यातला फरक हा स्वतंत्र विषय होऊ शकला असता, पण फरक मुळात नाहीच. जुन्या डॉस प्रणालीत फाईलच्या नावामागे तीनच अक्षरांची शेपटी चालत असे, म्हणून जेपीईजीतली एक ई कापली गेली. दोन्ही एकच आहेत, जसे आधारवरचे बाळासाहेब आणि सातबाऱ्यावरचे बाळासो एकच आहेत. तरीही काही फॉर्म जेपीजी घेतात आणि जेपीईजी परत पाठवतात. बाळासाहेबांना अशा वेळी प्रतिज्ञापत्र करावे लागते. फाईलला निदान नाव बदलून चालते. मात्र नाव बदलून चालते ते इथेच. पीएनजीच्या शेपटीवर जेपीजी लिहिले म्हणून ती जेपीजी होत नाही. पानटपरीवर ‘दवाखाना’ अशी पाटी लावली म्हणून आत डॉक्टर बसत नाहीत. काही फॉर्म पाटी वाचूनच समाधानी होतात, आणि फाईल पुढे जाऊन भलत्याच ठिकाणी उघडत नाही, ते वेगळे.

जेपीजीच्या आत काय होते, हे मावळातल्या माणसाला भाताच्या गिरणीवरून लवकर कळते. शेतातून आलेले भात गिरणीत घातले की तूस वेगळे होते, कोंडा वेगळा होतो, कणी वेगळी पडते आणि तांदूळ हाती येतो. तांदळाला जागा कमी लागते आणि खाणाऱ्याला तूस गेल्याचे दुःख नसते. पण तांदळाचे पुन्हा भात होत नाही. तो पेरून उगवत नाही. जेपीजीचे हेच आहे. ती चित्राच्या आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटी पाडते. २०० गुणिले २३० च्या फोटोत अशा सुमारे सव्वासातशे चौकटी बसतात, म्हणजे अर्जातला उमेदवार हा सव्वासातशे खणांचा बनलेला असतो. डोळ्याला उजेड-सावली बारीक कळते, रंग तेवढा बारीक कळत नाही. म्हणून रंगाची माहिती आधीच विरळ केली जाते. मग प्रत्येक चौकटीतल्या चौसष्ट आकड्यांचे एका गणिताने दुसरे चौसष्ट आकडे केले जातात, ज्यात ठळक चढउतार एका बाजूला आणि बारीकसारीक खरखर दुसऱ्या बाजूला जमते. खरखरीचे आकडे गोळाबेरीज करून बहुतेक शून्यावर आणले जातात. ते तूस. केबी उतरतात त्या इथे.

पीएनजी ही याउलट गोधडीच्या घडीसारखी आहे. घडी घातली की जागा कमी, उलगडली की टाका न् टाका जागेवर. म्हणून सहीच्या, शिक्क्याच्या, अक्षरांच्या चित्राला पीएनजी चांगली आणि चेहऱ्याला जेपीजी. फॉर्म काढणारे दोन्हींसाठी जेपीजीच मागतात. जेपीजी घेऊन तिची पीएनजी केल्यास फोटो सुधारेल अशी एक समजूत आहे. पोहे भाताच्या पोत्यात भरून ठेवल्याने जेवढे सुधारतात तेवढाच तो सुधारतो. पोते मात्र मोठे लागते.

जेपीजीचे वर सांगितलेले गणित मांडले नासिर अहमद यांनी. जन्म १९४० चा, बंगळूरचा. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधीचा अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला; तपासणाऱ्यांना कल्पना फारच साधी वाटली. उन्हाळी सुट्टीत त्यांनी पदरमोड करून काम केले आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ च्या जानेवारीत निबंध छापला. १९९२ मध्ये ठरलेले जेपीईजीचे मानक त्यावर उभे आहे. जगातला प्रत्येक अर्ज ज्या गणिताच्या जोरावर २० ते ५० केबीत बसतो, त्या गणिताचा स्वतःचा अर्ज बसला नव्हता.

रूपांतराचा धंदा या भागाला नवा नाही, हे इथे नोंदवले पाहिजे. कामशेतच्या पुढचे लोणावळ्याकडचे स्टेशन मळवली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला लिथोग्राफीचा छापखाना शतक संपता संपता मळवलीला हलला. तिथले काम म्हणजे स्वरूप बदलून देणेच होते: कॅनव्हासवरचे तैलचित्र दगडावर घ्यायचे आणि दगडावरून कागदावर. त्यासाठी चित्रातले रंग सुटे करावे लागत, आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. दगडावर चित्र उलटे काढायचे, म्हणजे कागदावर सुलटे उमटते. एकेक रंग एकावर एक छापायचा. एखादा दगड केसभर सरकला की लक्ष्मीच्या ओठांचा लाल रंग ओठ सोडून हनुवटीकडे जाई. चित्रकाराच्या कुंचल्यातल्या असंख्य छटांचे मोजक्या दगडांवर भागवायचे, म्हणजे तूस इथेही गळतच होते. पण जे उरले ते दिवाणखान्यापासून वडाच्या पारापर्यंत पोचले. आज जड फाईल हलकी करून सगळीकडे पाठवतात, ते हेच. सर्व्हर डाऊन होण्याची भीती तेव्हा नव्हती. दगड उचलायला माणसे मात्र लागत.

याच छापखान्यासाठी फोटोवरून लिथोचे ठसे करून देण्याचे काम दादासाहेब फाळके यांनी केले. १९०८ च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यात ‘फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ सुरू केले. पुढे ते दादरला गेले आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाले. स्थिर चित्राचे हलते चित्र करण्याचे रूपांतर त्यांनी नंतर, १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये केले. भारतीय सिनेमाच्या जनकाने या रेल्वेमार्गावर फॉरमॅट बदलून देण्याचे दुकान चालवले होते, ही गोष्ट कामशेतच्या दुकानात कोणी सांगत नाही. रांग असते.

ऑनलाइन रूपांतराची कृती अशी. शोधपट्टीवर ‘हीक टू जेपीजी फ्री’ असे लिहिले की संकेतस्थळांची रांग लागते. पहिल्यावर जावे. तिथे ‘डाउनलोड’ असे लिहिलेली तीन हिरवी बटणे दिसतात. त्यांतले एक खरे असते आणि दोन जाहिराती. खरे बटण तिन्हींत सगळ्यात लहान. फाईल चढवली की ती कामशेतहून निघून परदेशातल्या कुठल्यातरी सर्व्हरवर जाते. तिथे एक आज्ञावली, बऱ्याचदा १९९० पासून फुकट उपलब्ध असलेली इमेजमॅजिक, क्षणभरात ती बदलते आणि फाईल त्याच वाटेने परत येते. पीएनजीची जेपीजी करायला एवढा प्रवास लागत नाही. त्याच कॉम्प्युटरवर पेंट नावाचा प्रोग्रॅम असतो. त्यात चित्र उघडून ‘सेव्ह ॲज’ दाबले, जेपीईजी निवडले की झाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फाईलही वळसा घालते, पण वळसा कोणाला दिसत नाही म्हणून तो लांब वाटत नाही.

या वळशात काय काय सोबत जाते, तेही पाहण्यासारखे आहे. शेतकरी सातबारा कपाटात कुलूप लावून ठेवतो, आधारकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी तांदळाच्या डब्यात. पण त्याच आधारकार्डाचा फोटो अनोळखी संकेतस्थळावर बिनदिक्कत चढवतो, कारण तिथे कुत्रा बसलेला दिसत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने फुकट रूपांतर करून देणाऱ्या काही संकेतस्थळांबद्दल इशारा दिला: फाईल बदलून मिळते, पण तिच्याबरोबर कॉम्प्युटर बिघडवणारा प्रोग्रॅम येऊ शकतो, आणि चढवलेल्या कागदातली माहिती उचलली जाऊ शकते. आधारचा क्रमांक झाकून फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारी ‘मास्क्ड’ प्रत आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढता येते. ती पासवर्ड मागते: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. बहुतेक लोक इथे थांबतात आणि कार्डाचा फोटो काढतात.

फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि कधी कधी जागेचे अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. रूपांतरात किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या वाटेत हे लेखन बहुधा पुसले जाते. म्हणूनच १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो ॲपमधूनच, आपल्या शेतात उभे राहून काढावा लागतो. वडिवळ्याच्या खाचरात गुडघाभर चिखलात फोन उंच धरून रेंज शोधणारा माणूस दिसला तर तो सेल्फी काढत नसतो. भाताचे रूपांतर नोंदीत करत असतो. या एका कामात दुकानाची मध्यस्थी नाही.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल एवढेच की तिथून फोटो म्हणून पाठवलेला फोटो वाटेत पुष्कळ वाळतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. ही युक्ती माहीत असणारे लोक ती दुसऱ्याला सांगतात, पण स्वतः घाईत फोटो म्हणूनच पाठवतात.

याचा खरा परिणाम चौकातल्या फ्लेक्सवर दिसतो. वाढदिवस उद्यावर आला की इच्छुक नेत्याचा फोटो त्याच्या डीपीवरून उचलला जातो. समजा तो ६४० पिक्सेल रुंद आहे आणि फ्लेक्स दहा फुटी आहे. तर एकेक ठिपका पावणेपाच मिलिमीटरचा होतो, जवळपास तांदळाच्या दाण्याएवढा. जवळून पाहिले तर नेता अक्षता टाकून काढल्यासारखा दिसतो. त्यातही पक्षाच्या चिन्हाची मूळ फाईल पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी असते. कोणीतरी मध्येच तिची जेपीजी करते. जेपीजीला पारदर्शकपणा ठाऊक नाही. मग जिथे मागचे आकाश दिसायला हवे तिथे काळा चौकोन येतो, आणि शुभेच्छांच्या फलकाला श्रद्धांजलीची कळा येते. डिझाइन करणारा म्हणतो, ‘सीडीआर फाईल मागितली होती, दिली नाही.’ ते खरेही असते. फ्लेक्स तोवर लागलेला असतो.

शेवटचे रूपांतर कागदाकडे परतीचे. अर्ज गेल्यावर त्याची प्रिंट काढली जाते. परीक्षेच्या प्रवेशपत्रावर तोच २० ते ५० केबीचा चेहरा काळ्या-पांढऱ्या प्रिंटरमधून उमटतो, जणू उमेदवार रात्री दरोडेखोरांच्या टोळीत होता. शेजारच्या चौकोनात पासपोर्ट फोटो डिंकाने चिकटवायचा असतो, केबीची अट नसलेला, आणि त्यासमोर मूळ माणूस बसतो. पर्यवेक्षक तिघांकडे आळीपाळीने पाहतो. डाव्या कानावरून, भिवईवरून काहीतरी जुळते आणि तो सही करतो. ती सही किती केबीची आहे हे कोणी विचारत नाही.

फाईल मात्र दुकानात राहते. डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर’ पासून ‘न्यू फोल्डर (१४)’ पर्यंत कप्पे असतात. त्यांत ‘फोटो’, ‘फोटो फायनल’, ‘फोटो फायनल २’ आणि ‘फोटो फायनल खरा’ अशा क्रमाने नाणे मावळातले चेहरे साठत जातात, पुढच्या वेळी नवीन विंडोज टाकेपर्यंत. दिवाळीनंतर नवी जाहिरात निघते, तीच नात पुन्हा काउंटरपाशी येते आणि विचारते, ‘दादा, मागच्या वेळचा फोटो आहे का?’ सातव्या फोल्डरात तो सापडतो. ४८ केबीचा. या वेळच्या जाहिरातीत मर्यादा चाळीसची असते. दादा खुर्ची पुढे ओढतो.